गोळीवरचा चहा

कलेजी परतायची मुकद्दसनं आणि खायची ओयदिननं, अशी त्या हिवाळ्यात घरातल्या कामाची सरळ वाटणी झाली होती. मेंढीच्या शेपटीच्या चरबीत कांदा लाल व्हायचा, त्यात कलेजीचे तुकडे पडायचे, वास अंगणाच्या पलीकडे जायचा आणि मुकद्दसच्या तोंडाला असं पाणी सुटायचं की मान वळवून गिळावं लागायचं. मग ती ताटली जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर नेऊन धाकट्या जावेपुढे ठेवायची आणि हसून म्हणायची, "घे गं, गरम आहे तोवर." असं हसायला तिला कोणी शिकवलं नव्हतं. पंधरा वर्षं सून म्हणून काढली की ते आपोआप जमतं.

ओयदिन ही धाकट्या रावशनची बायको. बावीस वर्षांची, बोलायला लाघवी, आणि आता पाचवा महिना. पॉलिक्लिनिकात तिचं रक्त तपासलं तर त्यात लोह कमी निघालं. हिमोग्लोबिनचा आकडा अठ्ठ्याऐंशी. निदान एकशे दहा तरी पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. झालं, दोघींच्या सासूनं, सनोबर-ओयीनं, घर डोक्यावर घेतलं. रावशन बाजारातून रोज कलेजी आणू लागला. घोड्याच्या मांसाची काझी आली, अक्रोड आले, काळ्या मनुका आल्या. कुवा गावात डाळिंबांना काही तोटा नाही, पण ओयी तळघरातली डाळिंबं निवडून निवडून वर आणायची आणि स्वतःच्या हातानं रस काढायची. ओयदिननं बादली उचलायची नाही, अंगण झाडायचं नाही, तंदुरात वाकायचं नाही. मग ते कोणी करायचं, हे काही कोणी बोललं नाही. न बोलताच ते मुकद्दसच्या वाट्याला आलं.

मुकद्दसची तीन बाळंतपणं याच घरात झाली होती. तेव्हा तिच्यासाठी एक डाळिंब फुटलं नव्हतं. अंगण झाडता झाडता तिला धाप लागायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची, ती भिंतीला टेकून बसायची आणि ओयी म्हणायची, "आम्ही कापूस वेचता वेचता बाळंत झालो. ही बघा, खराटा धरून दमते." तेव्हापासून मोहल्ल्यात ती आळशी ठरली. नवरा शवकत कोकंदच्या रस्त्यावर गाडी चालवायचा, सकाळी जायचा आणि अंधार पडल्यावर यायचा. बायको आळशी आहे की आजारी, हे बघायला त्याला उजेडच मिळाला नाही.

आणि तिला माती खावीशी वाटायची. तंदुराच्या आतल्या कडेचा भाजका पापुद्रा नखानं काढून ती जिभेवर ठेवायची, तो विरघळायचा आणि जिवाला बरं वाटायचं. एकदा ओयीनं बघितलं आणि हातावर चापट मारली. "घर खातेस का आमचं?" ते सगळ्यांना इतकं आवडलं की कितीतरी दिवस घरात त्यावर हसणं चाललं. मुकद्दसही हसली. माती मात्र तिनं सोडली नाही, फक्त लपून खायला लागली.

तेव्हा आता ओयदिनसाठी कलेजी परतताना तिच्या अंगाची लाही लाही व्हायची, यात नवल नव्हतं. मुकद्दसला हेवा वाटायचा. रात्री अंथरुणावर पडलं तरी तो उशाशी असायचा. ओयदिननं काही वाईट केलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. पण ती पोरगी ताई म्हणावं तसं "ओपा, ओपा" करत मागे फिरायची आणि ताटलीतला एखादा तुकडा पुढे करायची. अशा वेळी मुकद्दस म्हणायची, "मला नको गं, मला कुठे काय झालंय?" आणि ओयी मान डोलवायची, "बरोबर आहे. ती घोड्यासारखी ठणठणीत आहे."

गोळ्या आणायला मुकद्दसच गेली, कारण ओयदिननं चिखलात चालायचं नव्हतं. पॉलिक्लिनिकात रिसोलत हमशिरा होती, पन्नाशीची, सगळ्या मोहल्ल्याला सुया टोचून टोचून निर्भीड झालेली नर्स. तिनं लाल गोळ्यांची पाकिटं पुढे सरकवली आणि बोट उगारलं.

"नीट ऐक. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची. डाळिंबाचा रस असेल तर उत्तमच. पण चहा नाही. गोळीच्या आधी नाही, नंतरही दोन तास नाही. चहा ते लोह अंगाला लागूच देत नाही. जेवणावरचा चहाही बंद. तुम्ही बायका नानचा तुकडा मोडला की चहा, मांस खाल्लं की चहा. मग माझ्याकडे येऊन रडता, हमशिरा, रक्त का वाढत नाही."

"बरं," मुकद्दस म्हणाली.

"बरं नाही. घरी जाऊन सांग. आणि तुझ्या सासूला दोनदा सांग."

वाटेवर मुकद्दसनं तो निरोप मनात घोळवला. ओयीला हे कसं पटवायचं, याचीच तिला काळजी होती. त्या घरात चहा बंद म्हणजे श्वास बंद करायला सांगण्यासारखं होतं. ती सांगणार होती. हे खरं आहे, आणि पुढे तिनं स्वतःला ते बऱ्याचदा बजावलं. कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती सांगणारच होती.

दार ढकलून ती आत आली, तर ओयदिन गादीवर आडवी होती आणि सनोबर-ओयी तिचे पाय चेपत होती.

मुकद्दस उंबऱ्यातच थांबली. पंधरा वर्षं या बाईचे पाय तिनं चेपले होते. त्या पायांचं एकेक हाड तिला ठाऊक होतं. ओयीचे हात दुसऱ्या कुणाचे पाय चेपू शकतात, हे मात्र तिला आज कळत होतं. तिसऱ्या खेपेला तिचे स्वतःचे पाय सुजून बुटात जात नव्हते, तेव्हा ओयीनं सासऱ्यांचे जुने बूट काढून दिले होते आणि वर म्हटलं होतं, "घे, हे मोठे आहेत."

"आलीस का?" मान न वळवता ओयी म्हणाली. "चहा ठेव. पोरीचा घसा कोरडा पडलाय."

मुकद्दसनं गोळ्या दस्तरखानावर ठेवल्या आणि चहा ठेवला. ओयदिननं उठून बसत एक गोळी काढली. मुकद्दसनं पियाल्यात दोन घोट ओतले, डावा हात छातीवर ठेवून उजव्या हातानं पियाला पुढे केला. गोळी गेली, वरून चहा गेला. निरोप तिच्या घशापर्यंत आला होता, तो तिनं परत खाली ढकलला. उद्या सांगू, असं ती मनाशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते थोडं कठीण झालं, कारण काल का नाही सांगितलं हा प्रश्न आला असता. आठवडा उलटल्यावर तर सांगायची सोयच राहिली नाही. मग ती मूग गिळून बसली. तिनं करायचं काहीच नव्हतं, हीच त्यातली सोय होती. कुणाच्या ताटात काही कालवायचं नव्हतं, कुणाचं काही चोरायचं नव्हतं. थोरल्या सुनेनं चहा ओतायचा असतो, तो ती ओतत होती. उलट पूर्वीपेक्षा जास्त मनापासून ओतत होती. कलेजीवर चहा, काझीवर चहा, गोळीवर चहा.

"ओपा, तुमच्या हातचा चहा नसता ना, तर ही गोळी उतरलीच नसती," ओयदिन म्हणायची. "मेली जुना खिळा चोखल्यासारखी लागते."

"पी, अजून देते," मुकद्दस म्हणायची.

पुढच्या तपासणीला आकडा शहाऐंशी आला. एवढ्या कलेज्या, एवढी डाळिंबं, आणि आकडा खाली. ओयीनं लगेच निदान केलं, "नजर लागली." मोहल्ल्यातल्या कोणत्या बाईनं पोरीकडे कसं बघितलं, याची उजळणी झाली. मग तव्यावर निखारे घेऊन त्यावर इसिरिकची वाळकी पानं टाकली, खोलीभर धूर झाला आणि ओयीनं तो तवा मुकद्दसच्या हातात दिला.

"तू फिरव तिच्याभोवती. मी करणार नाही, माझ्या मनात शंकाकुशंका फार. तुझ्या मनात काही नसतं."

मुकद्दसनं धूर फिरवला. धुरानं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ओयी शेजारणीला सांगत सुटली की थोरलीची माया बघा, जावेसाठी रडली.

नंतरच्या महिन्यात ओयदिनचे ओठ पांढरे पडायला लागले. जिना चढताना ती मध्येच बसायची. मुकद्दसनं ते बघितलं आणि तिला ते ओळखीचं वाटलं. असं बसताना कुठे हात टेकायचा, डोकं किती खाली घालायचं, हे सगळं तिला पाठ होतं. तेव्हा तिला आनंद झाला का? थोडा झाला. आता कळेल, असं वाटलं. आणि त्याच्या पाठोपाठ भीती वाटली, ती मात्र थोडी नव्हती.

या वेळी दोघी मिळून पॉलिक्लिनिकात गेल्या. आकडा ब्याऐंशी. डॉक्टरांनी ओयदिनला तपासायला आत थांबवलं आणि रिसोलत हमशिरानं मुकद्दसला बाहेर गाठलं.

"चहा बंद केला होता ना?"

"हो."

"तिला सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं," मुकद्दस म्हणाली. आतापर्यंत ती फक्त गप्प होती. आता ती खोटं बोलली, आणि दोन्हींत फरक आहे हे तिला बोलल्याक्षणी कळलं.

"मग मला हे समजत नाही," हमशिरा हळू आवाजात म्हणाली. "इथे तिचं बाळंतपण होणार नाही. प्रांताच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल, रक्ताची सोय करून ठेवावी लागेल. बाळंतपणात रक्त जातंच. तुझ्यामाझ्यासारखीचं गेलं तर भरून येतं. हिच्याकडे सांडायला थेंब जास्तीचा नाही. कळतंय का मी काय म्हणतेय?"

मुकद्दसला कळलं. ती भिंतीशी खाली बसली. हमशिरा वाकली, अंगठ्यानं तिच्या डोळ्याखालची कातडी ओढली, आत बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. तिनं मुकद्दसला दंडाला धरून आत नेलं आणि बोटाला सुई टोचली.

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "अगं बाई, तू उभी कशी राहतेस? आणि कधीपासून? माती खातेस का?"

मुकद्दसनं नखं मुठीत लपवली.

"खातेस. माझ्याकडे काय बघतेस, हे अंगात लोह नसलं की होतं. आळस म्हणतात त्याला घरात, हो ना? हे घे पाकीट. आणि चहाचं तुला वेगळं सांगत नाही, तुला ठाऊकच आहे."

घरी येताना मुकद्दसच्या मनात आधी काय आलं असेल? लाज नाही, पश्चात्ताप नाही. चौऱ्याहत्तर. ब्याऐंशीपेक्षाही खाली. माझा आकडा हिच्यापेक्षा वाईट आहे, असं ती वाटभर मनात घोकत होती आणि तिला उजळ माथ्यानं चालावंसं वाटत होतं. इतक्या महिन्यांत एका तरी बाबतीत ती ओयदिनच्या वर गेली होती.

ओयीनं आकडा ऐकला आणि म्हणाली, "यंत्र बिघडलं असेल." मग ओयदिनसाठी डाळिंब आणायला तळघरात उतरली.

पण ओयदिन रडली. तिनं मुकद्दसला हात धरून दस्तरखानाशी बसवलं, स्वतःची कलेजीची ताटली तिच्यापुढे ओढली, नानच्या तुकड्यात कलेजीचा मोठा तुकडा धरला आणि सरळ तिच्या तोंडात घातला. "खा. रोज निम्मं तुमचं. मी किती आंधळी. तुम्ही बादल्या उचलता आणि मी लोळते." मुकद्दस चावत राहिली. आई गेल्यापासून तिच्या तोंडात कोणी घास घातला नव्हता. तिला रडू येत होतं आणि कलेजी फार चांगली झाली होती, आणि ती तिनंच परतली होती.

"आता गोळी," ओयदिन म्हणाली. पोट सावरत ती गुडघ्यांवर बसली, चायदानी उचलली, पियाल्यात दोन घोट ओतले आणि छातीवर हात ठेवून पियाला पुढे केला. थोरल्या माणसाला द्यावा तसा. दुसऱ्या हातात तिची स्वतःची गोळी होती आणि तिचा पियाला शेजारी वाफाळत होता. "घ्या, ओपा. दोघी बरोबर घेऊ."

इतके महिने मुकद्दसला हेच हवं होतं. तिनं पियाल्याकडे बघितलं.

"चहा नको. पाणी दे."

"पाणी? का हो? मळमळतंय का?"

हो म्हणून चाललं असतं. पण ओयदिननं आपली गोळी जिभेवर ठेवायला हात उचलला होता.

"तूही घेऊ नकोस," मुकद्दस म्हणाली. "चहानं गोळी वाया जाते. लोह अंगाला लागत नाही."

"कोण म्हणालं?"

"हमशिरा."

"आज सांगितलं का?"

आता फक्त हो म्हणायचं होतं. ओयदिननं संशयानं विचारलं नव्हतं, सहज विचारलं होतं. एका होकारात सगळं मिटलं असतं, वर सल्ला दिल्याबद्दल कौतुकही झालं असतं. पण मुकद्दसच्या तोंडात अजून त्या घासाची चव होती.

"नाही. पहिल्याच दिवशी. मी गोळ्या आणायला गेले होते तेव्हा."

ओयदिनचा हात पोटाकडे गेला. "तुम्ही विसरलात का, ओपा?" तिनं विचारलं, आणि या वेळी विनवल्यासारखं विचारलं.

"नाही."

तळघरातून ओयीचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

"मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही," मुकद्दस म्हणाली. "ओयी तुझे पाय चेपत होत्या."

 ओयदिन कष्टानं उठली, माठाशी गेली, पेल्यात पाणी घेतलं, गोळी घेतली आणि पेला विसळून पालथा ठेवला. दुसरा पेला तिनं भरला नाही. मुकद्दसनं आपली गोळी कोरडीच गिळली.

ओयदिन कोणाला काही बोलली नाही. ओयीला एवढंच म्हणाली, की चहा बंद, हमशिराचं सांगणं आहे, ओपानं आज आठवणीनं सांगितलं. ओयी खूश झाली. त्या दिवसापासून दोघी पाण्याबरोबर, रसाबरोबर गोळ्या घेऊ लागल्या आणि आकडे चढू लागले. ओयदिनचा शंभराच्या पुढे गेला. शेवटी तिला मोठ्या इस्पितळात नेलं ते निव्वळ खबरदारी म्हणून. रक्ताची पिशवी तशीच राहिली आणि मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. मुकद्दसचाही आकडा हळूहळू वर आला. तंदुराची माती बघून तिला काही वाटेनासं झालं. बादली घेऊन अंगण ओलांडताना धाप लागेना. शवकतलासुद्धा एकदा दिसलं, की बायकोच्या गालांना रंग आहे.

ओयदिन तिच्याशी वागायला पूर्वीइतकीच अदबशीर होती. "ओपा" म्हणायची, "तुम्ही" म्हणायची, आली की उठून उभी राहायची. पण मुकद्दसच्या हातचं काही घेत नव्हती. नान स्वतः मोडून घ्यायची, शोरवा स्वतः वाढून घ्यायची, आणि पाणी हवं असलं तर मुकद्दसच्या थोरल्या मुलीला, गव्हरला, हाक मारायची. दोघी काकी-पुतणी डोक्याला डोकं लावून काहीतरी कुजबुजायच्या, हसायच्या. मुकद्दस चुलीशी उभी राहून ते बघायची. आता तिला स्वतःच्या पोटच्या पोरीचा हेवा वाटत होता, आणि पूर्वीच्या हेव्यासाठी निदान कोणाला तरी दोष देता यायचा.

पाळण्याच्या समारंभाला सगळा मोहल्ला लोटला. दस्तरखान भरून गेलं, रंगवलेला बेशिक पाळणा मधोमध ठेवला, म्हाताऱ्यांनी बाळाला त्यात बांधलं आणि मिठाई उधळली. रिसोलत हमशिरालाही मानानं बसवलं होतं. सनोबर-ओयीच्या बोलण्याला भरतं आलं होतं. "माझ्या थोरलीला कमी समजू नका," ती सगळ्यांना सांगत होती. "डॉक्टरांना जमलं नाही ते हिनं केलं. चहा तोड म्हणाली आणि पोरीचं रक्त भरलं. हमशिरा, खरं की नाही?"

हमशिरानं मुकद्दसकडे बघितलं, ओयदिनकडे बघितलं आणि खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला. "खरं आहे," ती म्हणाली.

मुकद्दस चायदानी घेऊन ओळीनं सगळ्यांचे पियाले भरत येत होती. ओयदिनपाशी आली तेव्हा ओयी म्हणाली, "आज घे गं एक घोट तिच्या हातचा. तिचा मान आहे आज."

सगळ्या बायका कौतुकानं बघत होत्या. मुकद्दसनं चायदानी कलती केली.

ओयदिननं पियाल्यावर तळहात ठेवला. "मला नको, ओयी," ती गोड हसून म्हणाली. "माझी गोळी व्हायची आहे अजून."

"बघा किती शहाणी," कोणीतरी म्हणालं. "अजून पथ्य पाळते."

चायदानीच्या तोटीतून दोन थेंब त्या हातावर पडले. चहा कढत होता, पण ओयदिननं हात काढला नाही. मुकद्दसनं चायदानी सरळ केली आणि शेजारचा पियाला भरला.